तापलेल्या हवेची टिपणे

आधी आकडे मांडतो, कारण गाडीला इंटरकूलर बसवायच्या या सगळ्या खटाटोपाचं मूळ त्यांच्यातच आहे.

भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याची मे महिन्याची दुपार. हवा ४५ अंश. टर्बोने ती बाहेरच्या दाबाच्या १.८ पट दाबली, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत साधारण ११-१२ पाउंड बूस्ट दिला, आणि टर्बोच्या पंख्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर पंख्यातून बाहेर पडणारी हवा १२८ अंशांच्या आसपास जाते. इंजिन हीच हवा पिणार. दाब वाढला खरा, पण तापल्यामुळे हवा विरळ झाली आणि दाबण्याचा बराचसा फायदा तिथेच गेला.

मधे इंटरकूलर, म्हणजे हवा थंड करणारी जाळी, बसवला आणि तो ६५ टक्के काम करतो असं धरलं, तर तीच हवा ७४ अंशांवर येते.

आता डिसेंबरची रात्र घ्या. हवा १२ अंश, गाडी तीच, इंटरकूलर नाही. हिशोबाने टर्बोमागची हवा ८६-८७ अंश. म्हणजे इंटरकूलरवाली गाडी भर मे महिन्यात जी हवा पिते, ती बिनइंटरकूलरवाल्या गाडीच्या डिसेंबरातल्या रात्रीच्या हवेपेक्षाही थंड असते. विदर्भात राहून टर्बो गाडी चालवणाऱ्याला याहून जास्त पटवून द्यायची गरज नसावी.

*

गाडी जुनी इनोव्हा. २.५ लिटर डी-४डी, २४९४ सीसी, १०२ पीएस. २००५ साली ही गाडी भारतात आली, २०१६ साली क्रिस्टाने तिची जागा घेतली. मधल्या अकरा वर्षांत लग्नाच्या वराती, नागपूरचे दवाखाने, तिरुपती-शिर्डी, कऱ्हांडल्याची सफारी, सगळं या गाडीने ओढलं. टर्बो आहे, कॉमन रेल आहे, आणि इंटरकूलर नाही. कंपनीने तो दिलाच नव्हता. गाडी मुद्दाम शांत ठेवलेली, म्हणून तर लाखो किलोमीटर कुरकुर न करता चालते.

याच २४९४ सीसीचं इंजिन पुढे फॉर्च्युनरमध्ये आलं ते १४४ पीएस घेऊन. तिथे इंटरकूलर होता. हे सांगून बरेच जण इंटरकूलरचं गुणगान करतात, पण पुढचं वाक्य गाळतात. त्या इंजिनाचा टर्बोही वेगळा होता, आतल्या पात्या हलणारा, आणि डिझेल किती सोडायचं याचा हिशोबही वेगळा. ४२ पीएसचा फरक एकट्या इंटरकूलरने पडलेला नाही. नुसता इंटरकूलर जोडून इनोव्हाची फॉर्च्युनर होईल असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून गाडीचं काम करून घेऊ नये.

*

मग मिळतं काय? ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, डिझेल मोजून सोडतो. इंटरकूलर लागला म्हणून तो आपणहून जास्त सोडत नाही. डिझेल तेवढंच आणि हवा जास्त, तर ते डिझेल नीट जळतं. काळा धूर कमी, एक्झॉस्टचं तापमान कमी, टर्बो आणि पिस्टनवरचा ताण कमी. सात माणसं, टपावर सामान, एसी चालू आणि दुपारचे दोन, अशा वेळी गाडी दमत नाही. मला एवढंच हवं आहे. हवेची घनता हिशोबाने पंधरा टक्के वाढते. इंटरकूलरच्या जाळीतून जाताना एक पाउंड दाब खर्ची पडला तर त्यातले चार टक्के जातात. हाती अकरा.

*

खर्चाची मर्यादा पंधरा हजार ठरवली आणि कागदावर उलट्या बाजूने वाटणी केली. आधी जोड, क्लॅम्प, होस. मग आर्गन वेल्डिंग. मग मापायची साधनं. उरेल त्यात कोअर, म्हणजे इंटरकूलरची जाळी. सगळे याच्या उलट करतात. सगळा पैसा चकचकीत कोअरमध्ये घालतात आणि शेवटी पाइप रेडिएटरच्या होसने जोडतात. हवा थंड करायला जाळी पुरते. तिला वाटेत गळू न देणं हे खरं काम, आणि पैसा तिथेच लागतो.

*

पुढे लावायचा की वर?

त्या फॉर्च्युनरमध्ये तो इंजिनाच्या डोक्यावर असायचा आणि बॉनेटवरच्या नाकाडातून त्याला हवा मिळायची. पाइप आखूड, काम सुटसुटीत. जुन्या सुट्या भागांच्या दुकानात हा मिळतोही. पण त्यासाठी इनोव्हाचं बॉनेट कापावं लागतं. शिवाय गाडी रेल्वे फाटकावर पाच मिनिटं उभी राहिली की खालच्या इंजिनाची सगळी धग त्या जाळीत चढते. फाटक उघडल्यावर पहिले काही क्षण तोच इंटरकूलर हवा थंड करायच्या ऐवजी तापवतो.

पुढे, बंपरच्या मागे लावला तर वारा सरळ मिळतो. मग पाइप लांब होतात, आणि इंटरकूलरवरून तापून निघालेली हवा एसीच्या कंडेन्सरवर आणि रेडिएटरवर जाते. किती तापते याचाही हिशोब केला. ३००० आरपीएमला पूर्ण बूस्टवर हा इंटरकूलर साधारण साडेचार-पाच किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. ४५ अंशांत एसी चालू असताना रेडिएटरच्या वाट्याला हे जास्तीचं ओझं.

मी पुढचीच जागा धरली, पण अख्खा रेडिएटर झाकेल असा कोअर घेतला नाही. रुंद आणि बुटका घेतला, रेडिएटरच्या खालच्या तिसऱ्या हिश्शापुढे येईल असा. वरचे दोन हिस्से मोकळे. आपल्याकडच्या उन्हात इंजिनाचं पाणी थंड राहणं आधी, बूस्टची हवा थंड होणं नंतर.

*

मांडणी शिकायची असेल तर ढाब्यावर उभा असलेला ट्रक पाहावा. टाटाच्या ६९७ इंजिनाच्या पुढे टीसीआयसी ही अक्षरं लागायची, टर्बोचार्ज्ड इंटरकूल्ड. भंडारा जिल्ह्यातच गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे, त्यामुळे लेलँडची गाडी उघडून दाखवणारा माणूस इथे सहज सापडतो. टर्बोतून निघणारा जाड पाइप, पुढे रेडिएटरच्या आधी मोठी जाळी, दुसऱ्या अंगाने परत येणारा पाइप. दोन्ही टोकांना रबरी बाही, कारण इंजिन हलतं आणि जाळी चेसिसला घट्ट असते. सगळं उघडं, हाताने चाचपता येईल असं. मी फूटपट्टी घेऊन बाह्यांची लांबी मोजली. पाइपच्या दोन टोकांत मोकळी जागा फार कमी ठेवलेली असते, रबर फक्त हलायला वाव देतं. लांब मोकळं रबर दाबाने फुगतं.

*

जुना इंटरकूलर घेताना.

पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. ज्या गाडीतून निघाला तिचा टर्बो कसा होता, ते विचारावं. टर्बो फुटून गाडी भंगारात गेली असेल तर त्याचे तुकडे या जाळीतच अडकलेले असतात. ते इंजिनात गेले की पंधरा हजारांचं काम लाखाच्या खर्चात जातं.

दुकानदाराला खरं माहीत असेलच असं नाही, म्हणून स्वतः तपासायचं. घरी आणल्यावर एका तोंडातून डिझेल ओतलं, दोन्ही तोंडं हाताने बंद करून चांगलं हलवलं आणि दुसऱ्या तोंडातून पांढऱ्या मांजरपाटावर गाळलं. आधी काळंकुट्ट तेल. मग तपकिरी. मग जवळजवळ स्वच्छ. कापड उन्हात धरून तिरकं पाहिलं. लोहचुंबक फिरवून उपयोग नाही, कारण टर्बोचा हवेकडचा पंखा ॲल्युमिनियमचा असतो आणि चुंबक त्याला ओळखत नाही. चमक शोधायची. तेलाच्या डागात मासोळीच्या खवल्यासारखी चमकणारी कणी दिसली, तर तो इंटरकूलर परत द्यायचा. कितीही धुतला तरी नाही घ्यायचा. आतल्या पंखांमधला तुकडा कधी सुटेल याचा भरवसा नाही.

आमच्या कापडावर चमक नव्हती.

मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, मग उन्हात उभा करून वाळवणं. वाळवण्यात घाई नको. आत डिझेल किंवा तेल साचून राहिलं तर इंजिन ते हवेबरोबर ओढून घेतं आणि त्याच्यावरच चालायला लागतं. मग चावी बंद केली तरी डिझेल इंजिन थांबत नाही, आरपीएम चढतच जातो. हवेचं तोंड बंद केल्याशिवाय ते आवरत नाही.

*

रेडिएटरवाले काकाजी सत्तरीचे असतील. पितळी रेडिएटरला डाक देण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नाही. भंडारा जिल्हा पितळेचा. भांडी, घागरी, त्यांना डाक लावणं, झाळणं हे इथल्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. पण इंटरकूलर ॲल्युमिनियमचा, आणि तिथे ती सगळी विद्या अडते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावर जी ऑक्साइडची साय असते ती दोन हजार अंशांच्या वर जाईपर्यंत वितळत नाही. खालचा धातू पाणी होतो आणि साय तशीच राहते. म्हणून आर्गन वेल्डिंग लागतं, तेही एसी करंटवर. करंटची एक फेरी साय फोडते, दुसरी धातू वितळवते, आणि आर्गन वायू हवेला जवळ येऊ देत नाही.

काकाजींनी इंटरकूलर हातात घेऊन उलटापालटा केला. “भाऊ, हे माह्या हातचं काम नोहे. पण टाकी कशी वळवाची ते सांगतो.” आणि सांगितलं. हवा आत येते त्या टाकीचा आकार येणाऱ्या तोंडापासून दुसऱ्या टोकाकडे निमुळता होत जावा, म्हणजे सगळ्या नळ्यांना सारखी हवा मिळते. चौकोनी डबा जोडला तर समोरच्या चार नळ्या पोट भरून पितात आणि बाकीच्या कोरड्या. पाण्याच्या रेडिएटरवर हे आयुष्यभर पाहिलेलं आहे त्यांनी. हवेलाही तेच लागू. पुठ्ठ्याची टाकी कापून त्यांनी दाखवली आणि तो पुठ्ठा घेऊन मी आर्गनवाल्याकडे गेलो.

*

इंटरकूलरऐवजी म्हणून पुष्कळ जण विचारतात ते दोन जुगाड, आणि दोन्हींना माझं उत्तर नाही असंच आहे.

एक, जुना पितळी रेडिएटर. त्याच्या नळ्या पातळ आणि चपट्या, पाण्याच्या दाबाला पुरतील एवढ्याच. त्याहून वाईट म्हणजे त्याचे जोड कथील-शिशाच्या डाकेचे. ही डाक दोनशे अंशांच्या आतच वितळू लागते. रोज सव्वाशे अंशांची दाबाची हवा तिच्यावर आदळली तर ती हळूहळू सरकते आणि सुटते.

दोन, एसीचा कंडेन्सर. तो ॲल्युमिनियमचा, दाबाला भक्कम, भंगारात स्वस्त. पण आतल्या वाटा इतक्या बारीक की इंजिनाची सगळी हवा त्यातून जाताना बूस्ट तिथेच मरतो.

*

पाइप. दोन इंची पुरतो. २.५ लिटरच्या शांत डिझेलला तीन इंची पाइप लावणं म्हणजे नुसती जागा अडवणं. बेंड मात्र दाबून चपटे झालेले नकोत. तयार गुळगुळीत बेंड घ्यावेत आणि सरळ तुकड्यांना आर्गनने जोडावेत. जितके बेंड कमी तितकं बरं, आणि बेंडच्या आतल्या बाजूला वेल्डिंगचा गठ्ठा राहिला तर कानशीने घासून काढावा.

पाइपच्या टोकाला उंचवटा हवाच. त्याशिवाय होस घसरतो. तो उठवायचं यंत्र गावात नाही. आर्गनवाल्याने टोकापासून बोटभर आत पाइपभोवती वेल्डिंगची एक बारीक कडी फिरवली, मग ती घासून गोल केली. यंत्राइतकीच पकड.

१२ पाउंड दाबाला दोन इंची पाइपच्या टोकावर साधारण सतरा किलोचा जोर बाहेर ढकलत असतो. साधी दातेरी पट्टीची क्लिप हा जोर काही दिवस धरते, मग उन्हाने सैल पडते. टी-बोल्ट क्लॅम्प महाग, पण इथे कंजुषी नको.

रेडिएटरचा रबरी होस अजिबात नको. तो पाण्यासाठी केलेल्या रबराचा असतो, तेल लागलं की फुगतो आणि मऊ पडतो. टर्बोमागच्या हवेत तेलाची वाफ थोडी का होईना असतेच. सिलिकॉनचा घ्यावा. टर्बोच्या तोंडाशी, जिथे हवा सर्वांत गरम आणि तेलकट, तिथे आतून फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असलेला. बाकी ठिकाणी साधा सिलिकॉन चालतो.

*

मोठ्या इंटरकूलरने गाडीचा उठाव उशिरा येतो, असं मिस्त्री म्हणतात. तपासून पाहिलं. कोअर आणि पाइप मिळून दहा लिटर जागा वाढली असं समजू. ३००० आरपीएमला हे इंजिन सेकंदाला बासष्ट लिटर ओढतं. १५०० लाही तीस. दहा लिटरचा परिणाम सेकंदाच्या तुकड्यांत. गाडी उशिरा उठत असेल तर कारण गळती किंवा अडलेली हवा. आकाराला दोष देऊ नये.

*

गळतीची परीक्षा, गाडी सुरू करण्याआधी.

टर्बोकडचं आणि इंजिनकडचं, दोन्ही टोकं बुचांनी बंद केली. एका बुचात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. पंक्चरच्या दुकानातून हवा, पण टायरसारखी तीस पाउंड नाही. पंधरा, त्यावर थेंबभरही नाही. पंधरा पाउंडाला त्या बुचावर एकवीस किलोचा जोर असतो. बूच सुटलं तर माणूस जखमी होईल, म्हणून समोर कुणी उभं राहायचं नाही आणि बूच आडव्या पट्टीने बांधून घ्यायचं. मग साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर.

फुगे आले ते क्लॅम्पपाशी नव्हते. आर्गनच्या एका सांध्यावर सुईच्या टोकाएवढं छिद्र होतं, तिथे फेसाचा छोटा पांढरा मणी सतत वाढत होता. डोळ्यांनी पाहून ते छिद्र कधीच सापडलं नसतं. तो सांधा पुन्हा भरून घेतला.

दुकानातल्या त्या कॉम्प्रेसरकडेही बघण्यासारखं आहे. मोठा सिलिंडर हवा अर्धवट दाबतो, लहान सिलिंडर पुरी दाबतो, आणि दोघांच्या मधे पंख लावलेली नळी चाकाच्या वाऱ्यात ठेवलेली असते. हवा मधेच थंड केली की पुढे दाबायला कमी ताकद लागते. पंक्चर काढणारा मुलगा रोज इंटरकूलर वापरतो. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला दोन टप्प्यांचा सुपरचार्जर लागला, तेव्हा हाच उपाय तिथेही करावा लागला होता.

*

दाब किती खर्ची पडतो हे मोजायला दोन गेज घेऊ नयेत. स्वस्तातले दोन गेज एकमेकांशी कधी जुळत नाहीत. एकच गेज घ्यावा आणि कोअरच्या आधी व नंतर अशा दोन जागी बारीक नळ्या काढून आलटून पालटून लावावा. गेज खोटं बोलत असला तरी दोन्हीकडे सारखंच बोलतो, आणि आपल्याला फक्त फरक हवा असतो. तापमानाला मल्टिमीटरबरोबर येणारा के-टाइपचा तारेचा सेन्सर पुरतो.

*

कायद्याचं टिपण, कारण ते टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात सांगितलं की कंपनीने नमूद केलेल्या तपशिलापासून गाडी वेगळी करता येत नाही. माझ्या कामात सीसी, इंधन, रंग, बॉनेट काही बदलत नाही, तरीही आरटीओत आणि विमा कंपनीला लेखी विचारून, उत्तर फाइलला लावूनच गाडी रस्त्यावर काढायची. मला मनापासून वाटतं की धूर कमी करणाऱ्या अशा जोडकामाला तपासून मंजुरी देणारी सोपी वाट असावी. पुण्यात एआरएआयसारखी संस्था १९६६ पासून आहे. तिच्या तपासणीचा दाखला घेऊन तालुक्यातला माणूस काम करू शकला, तर चोरून होणारी निम्मी कामं उजेडात येतील.

*

धानाची चुरणी सुरू झाली की हवेत बारीक तूस आणि धूळ. पुढे लावलेली जाळी ते सगळं पकडते. हार्वेस्टरवाले रोज संध्याकाळी रेडिएटरवर हवा मारतात, ती मागून पुढे. पुढून मारली तर तूस आणखी आत बसतं. तेच करायचं. इंटरकूलर आणि कंडेन्सर यांच्यामधल्या फटीत हवेची नळी जाईल एवढी जागा मुद्दाम सोडली आहे. बाजूंनी मात्र फोमच्या पट्ट्या लावल्या, नाहीतर वारा जाळीतून न जाता कडेने पळतो.

*

आता उरलेलं काम पाण्याचं.

सुबारूच्या इम्प्रेझा एसटीआयमध्ये इंटरकूलरवर पाणी फवारायची सोय कंपनीकडूनच यायची. ती युक्ती जगात कुठे शोभत असेल तर विदर्भात. ४५ अंश तापमान आणि पंधरा टक्के आर्द्रता असताना पाण्याने भिजलेली वस्तू चोवीस अंशांपर्यंत उतरू शकते. घरोघरच्या खिडकीतला कूलर याच जिवावर चालतो. काच धुण्याची जुनी मोटर, दोन नोझल, डॅशबोर्डवर एक बटण. सतत फवारायचं नाही. चढ, ओव्हरटेक, भरलेली गाडी, एवढ्यापुरतंच. पावसाळ्यात याचा काही उपयोग नाही, हवाच ओली असते.

अडचण पाण्याच्या जातीची आहे. बोअरचं पाणी वाळलं की पंखांवर पांढरा थर चढतो, आणि तो थर उष्णता अडवतो. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी शुद्ध असतं, पण मे महिन्यात हवा इतकी कोरडी की ते फारसं पडतच नाही. तेव्हा पावसाळ्यात, पहिले एक-दोन पाऊस पत्रे धुऊन गेल्यावर, पन्हाळीखाली वीस लिटरचे दोन कॅन लावायचे, कापडाने गाळून झाकण घट्ट लावून ठेवायचे.